डॉक्टर नसतात तेव्हा सिस्टर काय ठरवू शकते?

गेल्या पावसाळ्यात सिंधुदुर्गातल्या एका उपकेंद्राच्या पडवीत मी तासभर बसलो होतो. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायच्या होत्या. माझ्या आधी सत्तरीचे एक आजोबा आत गेले. आत होती नर्सिंगची पदवी घेतलेली, फार तर सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी. तिने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि काही न बोलता पट्टा सोडला. "पाच मिनटां गप बसा, बोलू नुको," म्हणाली. पाच मिनिटांनी पुन्हा मोजला. १६८ आणि ९६.

"आजोबा, गोळी बंद केल्यात काय?"

"बरां वाटला म्हणान बंद केलंय."

तिने छातीत दुखतं का, धाप लागते का, डोळ्यांसमोर अंधारी येते का, हात-पाय जड पडतात का, असं एकेक विचारलं. कार्डावरची जुनी गोळी बघितली, मोबाईलवर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आकडा सांगितला, आजोबांना स्क्रीनसमोर बसवलं आणि महिन्याच्या गोळ्या मोजून हातात दिल्या. वहीत पुढच्या भेटीची तारीख लिहिली. आजोबा बाहेर आले, छत्री उघडता उघडता मला म्हणाले, "डॉक्टर मोबायलात, गोळयो नर्सच्या हातात. ह्यां चलता काय हो?"

प्रश्न रास्त आहे आणि तो फक्त त्या आजोबांचा नाही. गावोगावच्या उपकेंद्रांवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असा फलक लागला, नर्सिंगसाठी संसदेने नवा कायदा केला, नर्सच्या संपाच्या बातम्या येतात. या सगळ्यातून नर्सचं काम नेमकं कुठे चाललंय हे मात्र कुणी समजावून सांगत नाही. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. पण आमच्या घरात दोघी जणींनी या नोकरीत आयुष्य घालवलं, त्यामुळे हा विषय जेवणाच्या पानावर ऐकत मोठा झालो.

नर्स हे एक पद नाही

पांढऱ्या कपड्यातल्या प्रत्येकीला आपण 'सिस्टर' म्हणतो. त्या एका शब्दाखाली बऱ्याच पायऱ्या आहेत. दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम केलेली आरोग्य सेविका उपकेंद्रात असते. लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, घरभेटी हे तिचं काम. तिच्या कामावर देखरेख करते ती आरोग्य सहाय्यिका. तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग केलेली मुलगी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागते. वॉर्डाची जबाबदारी परिसेविकेकडे आणि अख्ख्या रुग्णालयाच्या नर्सिंगची अधिसेविकेकडे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या मेट्रनकडे. आता मुलगेही या कामात आहेत, त्यांना आपण 'ब्रदर' म्हणतो. आशाताई नर्स नव्हे. ती गावातलीच स्वयंसेविका, घर आणि दवाखाना यांच्यामधला दुवा.

या रांगेत अलीकडे एक नवं पद आलं, समुदाय आरोग्य अधिकारी. सगळे त्याला सीएचओ म्हणतात. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशभरातली दीड लाख उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं सुधारून 'आरोग्यवर्धिनी' करायची घोषणा झाली. २०२३ च्या अखेरीस त्यांचंच नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. यातल्या उपकेंद्रांवर सीएचओ बसतो. महाराष्ट्रात या पदावर बीएएमएस डॉक्टरही आहेत आणि सामुदायिक आरोग्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या बीएस्सी नर्सही. आजोबांना भेटलेली मुलगी त्यांपैकीच.

सांगितलेलं करणं आणि पाहून ठरवणं

बदल कुठे झाला हे कळायला मालवण किंवा हर्णैच्या बंदरावर जावं लागेल. होडी मालकाची असते. बर्फ, डिझेल, जाळी यांचा खर्च त्याचा. पण होडी पाण्यात गेली की जाळं कुठे टाकायचं, वारा फिरला तर किती वाजता मागे वळायचं, हे तांडेल ठरवतो. मालक किनाऱ्यावर असतो, त्याला लाट दिसत नाही. एखाद्या तांडेलाला कुणी सांगितलं, की वारा फिरला तरी आधी मालकाला विचार, मग होडी वळव, तर ती होडी घरी येईल का?

रुग्णालयात डॉक्टर राउंडला येतात, दहा-पंधरा मिनिटं रुग्णाजवळ थांबतात. उरलेले तेवीस तास पंचेचाळीस मिनिटं लाट नर्सला दिसते. श्वास वाढला, लघवी कमी झाली, रुग्ण काल बोलत होता आणि आज नुसता बघतोय, हे सगळं पहिल्यांदा तिच्या लक्षात येतं. जुन्या व्यवस्थेत तिने ते कागदावर लिहायचं आणि डॉक्टरांची वाट बघायची. नव्या व्यवस्थेत, हे दिसल्यावर पुढची ठरावीक पावलं तिने स्वतः उचलायची. नर्सिंगमधलं नेतृत्व असा मोठा शब्द वापरतात तेव्हा मुळात एवढंच म्हणायचं असतं. मेट्रनची खुर्ची किंवा सत्काराची शाल यांच्याशी त्याचा संबंध थोडाच आहे.

एक उदाहरण विलायतेतलं घेऊ, कारण ते फार स्वच्छ आहे. तिथल्या रुग्णालयांत २०१२ पासून धोक्याची पूर्वसूचना देणारी गुणपद्धत वापरतात. नर्स श्वास, नाडी, रक्तदाब, ताप, रक्तातला ऑक्सिजन आणि शुद्ध तपासते आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण देते. मिनिटाला २५ किंवा जास्त श्वास असतील तर त्याचेच तीन. बेरीज सात किंवा जास्त झाली की तातडीच्या पथकाला बोलवायचंच. रात्रीचे तीन वाजलेत, डॉक्टर रागावतील का, हा विचार करायची तिला गरज उरत नाही. आकडा तिच्या बाजूने उभा असतो. आमच्या घरातली एक जण चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. एका दवाखान्यात तिने रात्री दोनदा डॉक्टरांना उठवलं म्हणून सकाळी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. तिसऱ्या वेळी तिने उठवलं नाही. तो रुग्ण वाचला, पण ती रात्र ती अजून विसरलेली नाही.

१२ मे हा परिचारिका दिन, फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस. शाळेच्या पुस्तकातून आपल्याला तिचा दिवा तेवढा आठवतो. क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांच्या रुग्णालयात ती १८५४ साली पोचली. जखमांपेक्षा जास्त माणसं रोगराईने मरतात हे तिने आकडे मांडून, आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवलं. तिचं खरं हत्यार वही होतं. त्या अर्थाने उपकेंद्रातली ती मुलगी, रक्तदाबाची वही भरणारी, तिच्या जास्त जवळची वारस आहे असं मला वाटतं.

मग हे डॉक्टरच्या मनाचं काम नर्सच्या मनावर सोडणं आहे का?

नाही, आणि गैरसमज सगळ्यात जास्त इथेच होतो. इथे कुणाच्याच मनावर काही सोडलेलं नसतं. आजारानुसार पायऱ्या आधीच ठरवलेल्या असतात. त्याला प्रोटोकॉल म्हणतात, आपण 'ठरलेली पद्धत' म्हणू. रक्तदाब हे त्याचं उत्तम उदाहरण. २०१७-१८ च्या सुमारास देशात रक्तदाब नियंत्रणाचा मोठा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातल्या ज्या मोजक्या जिल्ह्यांपासून त्याची सुरुवात झाली त्यांत आपला सिंधुदुर्ग होता. त्यात ठरलं ते असं: रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त आहे हे पक्कं झालं की डॉक्टरांनी पहिली ठरलेली गोळी सुरू करायची, महिन्याने मोजायचं, आटोक्यात नसेल तर डॉक्टरांनी पुढची पायरी गाठायची. मधल्या काळात गोळ्या देणं, मोजणं, न आलेल्याला फोन करणं हे उपकेंद्रातून.

या पद्धतीत कौशल्य लागतं, पण ते वेगळ्या जागी. रक्तदाबाच्या रोग्याला कुठली गोळी द्यावी हा अवघड प्रश्न राहिलेला नाही. तो माणूस गोळी दहा वर्षं घेईल कसा, हा अवघड प्रश्न आहे. वीस किलोमीटरवरच्या तालुक्याला दर महिन्याला एसटीने जाऊन, अर्धा दिवस मोडून कोण गोळ्या आणणार? दोन महिने आणतील, तिसऱ्या महिन्यात 'बरां वाटता' म्हणून बंद. मग एका पहाटे अर्धांग. उपकेंद्र घरापासून चालत पंधरा मिनिटांवर असेल आणि तिथली मुलगी नावाने ओळखत असेल, तर गोळी चालू राहते. आजोबांशी झालेलं "बंद केल्यात काय" हे संभाषण हाच त्या उपचाराचा मुख्य भाग होता.

आमच्याकडचंच दुसरं उदाहरण विंचवाचं. कोकणातला लाल विंचू चावून पूर्वी मुलं दगावायची. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या विषावर प्राझोसिन ही गोळी उपयोगी पडते हे दाखवून दिलं, आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयावर अवलंबून असलेला उपचार गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत आला. उपचार जितका सोपा आणि ठरलेला होतो तितका तो रुग्णाच्या घराजवळ नेता येतो.

बाळंतपणाच्या खोलीत काय घडलं

नर्सच्या हातात अधिकार दिल्याने काय होतं हे भारताने सगळ्यात आधी बाळंतपणात बघितलं. बाळंतीण मरायची दोन मोठी कारणं म्हणजे रक्तस्राव आणि झटके. दोन्हींमध्ये मिनिटं मोजायची असतात. पूर्वी आरोग्य सेविकेला यातलं इंजेक्शन द्यायची परवानगी नव्हती. ती फक्त गाडी मागवू शकायची. वीसेक वर्षांपूर्वी केंद्र सरकारने नियम बदलले आणि प्रशिक्षण घेतलेल्या सेविकेला ही औषधं द्यायची मुभा दिली. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, म्हणजे गर्भाशय आवळतं आणि रक्त थांबतं. झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम, आणि मगच मोठ्या दवाखान्याकडे रवानगी.

हा पहिला डोस आपल्याकडे किती मोलाचा आहे हे नकाशा बघितला तर कळतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वाड्या डोंगराच्या कुशीत, खाडीच्या पलीकडे. मोठ्या उपचारासाठी दोडामार्ग-सावंतवाडीची माणसं गोव्याला बांबोळीला जातात, इतर काही घाट चढून कोल्हापूरला जातात. जुलैत घाटात दरड आली की तोही रस्ता नाही. झटके येणाऱ्या बाईला या प्रवासात औषधाविना नेणं आणि पहिला डोस देऊन नेणं, यात जगण्या-मरण्याचं अंतर आहे.

बाळंतपणातलं आणखी एक संशोधन सांगण्यासारखं आहे. आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर केलेला हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. बाळंतिणीच्या खाली मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची पिशवी ठेवली. रक्त ठरलेल्या रेघेपर्यंत आलं की सुईणीने एकामागोमाग पाच उपाय लगेच करायचे, कुणाची वाट बघायची नाही. पूर्वी रक्त किती गेलं याचा अंदाज डोळ्यांनी घ्यायचे, आणि तो बहुतेक वेळा कमीच निघायचा. जीवघेणा रक्तस्राव आणि त्याचे गंभीर परिणाम मिळून ६० टक्क्यांनी घटले. नवं औषध त्यात एकही नव्हतं. एक पिशवी होती, आणि ती रेघ दिसल्यावर हात घालायची परवानगी होती.

फुरशाची रात्र

मे महिन्यात आंब्याच्या बागेत, काजूच्या पाल्यात फुरसं चावणं हे कोकणात नवीन नाही. चावलेला माणूस घाबरून येतो, सोबत दहा माणसं येतात, प्रत्येकाचं सांगणं वेगळं. साप विषारी होता का, विष अंगात उतरलंय का, हे कसं ओळखायचं? ग्रामीण दवाखान्यात यासाठी जी तपासणी आहे तिला यंत्र लागत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या परीक्षानळीत रुग्णाचं दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं. नळी उभी ठेवायची, वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग तिरकी करायची. रक्त गोठून तळाशी धरून बसलं असेल तर या विषाच्या बाबतीत तूर्त ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर फुरसं किंवा घोणशीचं विष रक्तात काम करतंय.

ही नळी बहुतेक वेळा नर्सच्या हातात असते. नळी धुतलेल्या साबणाचा अंश राहिला तर निकाल चुकतो, मधेच कुणी हलवली तरी चुकतो. वीस मिनिटं त्या गर्दीला लांब ठेवून घड्याळ लावून बसणं हे वरवर किरकोळ वाटणारं काम निर्णायक आहे. पुढे डॉक्टर प्रतिविष सुरू करतात. भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं. पण प्रतिविषाचीच काहींना जबर रिॲक्शन येते, अंगावर गांधी उठतात, धाप लागते, रक्तदाब पडतो. तेव्हा सलाईन थांबवून ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन तत्काळ द्यायचं असतं. डॉक्टर त्या क्षणी बाळंतपणाच्या खोलीत असले तर? चांगल्या ठिकाणी याचा लेखी स्थायी आदेश वॉर्डात लावलेला असतो आणि नर्स तो वाचून थेट कृती करते. जिथे असा कागद नाही तिथेही ती बहुतेक वेळा इंजेक्शन देतेच, कारण माणूस समोर मरत असतो. फरक एवढाच, की पहिल्या ठिकाणी कायदा तिच्या पाठीशी असतो आणि दुसऱ्या ठिकाणी ती एकटी असते.

माझं सगळं म्हणणं या एका फरकाबद्दल आहे. जे काम ती आजही रात्री-अपरात्री करते त्याला प्रशिक्षण, कागद आणि पगार यांचं पाठबळ हवं.

कायदा काय म्हणतो

नर्सिंगचा देशपातळीवरचा जुना कायदा १९४७ सालचा. त्याच्या जागी २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला. त्यात प्रवेशासाठी सामाईक परीक्षा, नोंदणीकृत नर्सची राष्ट्रीय यादी, महाविद्यालयांचं मूल्यांकन आणि प्रत्येक राज्यात आयोग अशा तरतुदी आहेत. एक बारीक तरतूद मला महत्त्वाची वाटते. आयोगाच्या अध्यक्षपदी बसणाऱ्या व्यक्तीकडे नर्सिंगची पदव्युत्तर पदवी आणि या क्षेत्राचा किमान २० वर्षांचा अनुभव हवा. नर्सिंगचे निर्णय घेणारी खुर्ची नर्सचीच, हे कायद्यात लिहिलं गेलं.

या कायद्याने नर्सला कुठलंही औषध लिहून द्यायचा सरसकट अधिकार दिलेला नाही. उपकेंद्रातून गोळ्या देण्याचा आधार वेगळा आहे. औषध नियमांच्या 'के' अनुसूचीत सरकारी केंद्रांतल्या नर्स आणि आरोग्य सेविकांना ठरावीक औषधं देण्यासाठी परवान्याच्या अटीतून सूट आहे. म्हणजे आजोबांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: होय, चालतं. डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी, ठरलेल्या पद्धतीने, सरकारी उपकेंद्रातून दिलेली, पूर्ण नियमात आहे.

गंभीर रुग्णांसाठी आणखी वरची पायरी म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी असा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आणि २०१७ च्या सुमारास तो सुरू झाला. बाळंतपणासाठी स्वतंत्र सुईण-नर्स तयार करण्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१८ ची. या शिकलेल्या मुलींसाठी पदं मात्र त्या वेगाने तयार झालेली नाहीत. शिकवायचं आणि पद द्यायचं नाही, हा तिच्यावरचा आणि आपल्यावरचाही अन्याय आहे.

आक्षेप पहिला: गरिबांना नर्स आणि श्रीमंतांना डॉक्टर?

हा आक्षेप मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. २०१९ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात कलम ३२ आलं. डॉक्टर नसलेल्यांनाही 'सामुदायिक आरोग्य सेवक' म्हणून मर्यादित परवाना देण्याची त्यात तरतूद होती. तेव्हा देशभरातल्या डॉक्टरांनी ३१ जुलैला काम बंद ठेवलं. खेड्यातल्या माणसाचा जीव स्वस्त आहे का, असा त्यांचा सवाल होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

पण श्रीमंत देशांनी काय केलं तेही बघायला हवं. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरची सुरुवात १९६५ साली कोलोराडोत झाली. ब्रिटनमध्ये २००६ पासून वेगळं प्रशिक्षण घेतलेली नर्स जवळपास सगळी औषधं स्वतः लिहून देते. तिथल्या पैसेवाल्यांनाही तीच तपासते. प्राथमिक उपचारात डॉक्टरऐवजी प्रशिक्षित नर्सने तपासलं तर काय होतं, यावरच्या १८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ साली निघाला. परिणाम डॉक्टरांइतकेच, काही बाबतींत थोडे चांगलेच आढळले. म्हणजे नर्सने तपासणं ही मुळात हलकी सेवा नाही.

ती हलकी होते कधी? तिच्यामागे डॉक्टरच नसतील तेव्हा. उपकेंद्रातली मुलगी फोन लावते आणि पलीकडे कुणी उचलत नाही, किंवा मोबाईलला रेंज नाही, तेव्हा. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांत हे रोजचं आहे. आरोग्य केंद्रातलं डॉक्टरचं पद रिकामं ठेवून 'सीएचओ आहे ना' असं कुणी म्हणत असेल, तर त्याला आपण गावकऱ्यांनी ठाम विरोध करायला हवा. तांडेल चांगला आहे म्हणून किनाऱ्यावरचा दिवा विझवून कसं चालेल?

आक्षेप दुसरा: चूक झाली तर?

चूक डॉक्टरकडूनही होते, नर्सकडूनही. ठरलेल्या पद्धतीचा फायदा हा, की काय केलं आणि का केलं हे कागदावर राहतं. नर्सची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते, तिथे तक्रार करता येते. चुकीचं मोठं कारण मात्र वेगळंच आहे, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. ते म्हणजे एका नर्सच्या वाट्याला येणारे रुग्ण.

युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांत, शस्त्रक्रिया झालेल्या सव्वाचार लाख रुग्णांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की महिनाभरात रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. उलट पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं तर ती शक्यता तेवढीच घटते. एक रुग्ण वाढल्याने इतकं होतं. आता आपल्या एखाद्या रुग्णालयातला पावसाळ्यातला वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. लेप्टो आणि डेंगीची साथ, जमिनीवर गाद्या, आणि रात्रपाळीला एक किंवा दोन सिस्टर. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक नर्स हवी. नातेवाईक म्हणून आपण जेव्हा 'सिस्टर लक्षच देत नाही' म्हणून चिडतो, तेव्हा आधी खाटा आणि सिस्टर यांची संख्या मोजावी. मी स्वतः असा चिडलो होतो. मोजल्यावर त्या बाईची माफी मागितली.

आक्षेप तिसरा: आमच्या मुली शिकून बाहेरच जातात

जातात, खरं आहे. कोकणातल्या मुली नर्सिंग करून मुंबईला, आखाताला, आता युरोपलाही जातात. जग त्यांना बोलावतंय, कारण जगभरच नर्सची टंचाई आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली दिलेल्या अहवालात ती ५८ लाखांची आहे. या मुलींना दोष देण्याआधी इथे त्यांना काय मिळतं ते बघू.

खासगी दवाखान्यांतल्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१६ साली न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने ५० खाटांपेक्षा लहान दवाखान्यातही नर्सला महिना २० हजारांपेक्षा कमी देऊ नये अशी शिफारस केली. तालुक्याच्या गावी कुठल्याही नर्सला विचारा, ते मिळतं का. सरकारी बाजूला सीएचओची नेमणूक कंत्राटी आहे, आणि पगाराचा एक भाग कामाच्या आकड्यांवर ठरतो. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी नर्स संपावर गेल्या. कंत्राटी भरतीला विरोध हा त्यांच्या मागण्यांमधला कळीचा मुद्दा होता. बातम्यांमध्ये रुग्णांचे हाल तेवढे आले. पण ज्या बाईवर गावाच्या तीन-पाच हजार माणसांची जबाबदारी टाकायची, तिची पुढच्या वर्षीची नोकरी नक्की नसेल, तर ती कुणाच्या चुकीच्या आदेशाला 'नाही' म्हणेल?

'नाही' म्हणता येणं हा या सगळ्या बदलाचा कणा आहे. आपल्याकडे हे काम ज्यांनी पहिल्यांदा पत्करलं त्यांना समाजाचंच 'नाही' ऐकावं लागलं होतं. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदनने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवायला सुरुवात केली, तेव्हा परक्यांची शुश्रूषा करणं हे घरंदाज बाईचं काम नव्हे असं मानणारेच जास्त होते. आज कुठलंही घर मुलीला आनंदाने नर्सिंगला घालतं. समाज तेवढा बदलला. तिच्या शब्दाला वॉर्डात वजन देणं ही उरलेली वाट आहे.

उपकेंद्रात जाताना

जुनी कार्डं, चालू गोळ्यांची पाकिटं आणि तुमचा मोबाईल नंबर घेऊन जा. रक्तदाब, साखर, गरोदरपण, लसी, साधा ताप-खोकला, जखमेचं ड्रेसिंग यासाठी तिथे जायला काहीच हरकत नाही. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आवर्जून विचारा. दोडामार्ग-बांद्याकडे मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आधी तिला कळवा, तिथे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत.

छातीत कळ, तोंड वाकडं होणं, एक बाजू लुळी पडणं, साप चावणं, बाळंतिणीला जास्त रक्त जाणं, यांत उपकेंद्रात थांबू नका. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत उपकेंद्र जवळ असेल तर सिस्टरला बोलवा, पहिली दहा मिनिटं तिच्या हातात असू द्या.

ते आजोबा मला नंतर एकदा कुडाळच्या बाजारात भेटले. गोळी चालू आहे का विचारलं. म्हणाले, "चालू हा. तेरा तारखेक जाऊचा आसा. नाय गेलंय तर ता पोरगां फोन करता."